धानाचा काटा आणि माहितीचा तोल

भंडारा जिल्ह्यात सरकार हमीभावाने धान घेते, पण काट्यावर स्वतः उभे नसते. पणन महासंघासाठी खरेदी अभिकर्ता संस्था करतात, भरडाई गिरणीमालक. साध्या भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत करायचा, हा केंद्राचा निकष. धानातला ओलावा, गोदामातली घट, भरडताना पडलेली कणी मात्र हाताळणाऱ्यालाच नेमकी ठाऊक. अशा अपुऱ्या माहितीत करार कसा बांधावा, हा करार सिद्धांताचा गाभा. त्यातील कामासाठी हार्ट आणि होल्मस्ट्रॉम यांना २०१६चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. संगणकावर धानाच्या खरेदी-भरडाईची हीच साखळी उभारून कमिशन, घटीची मर्यादा, अचानक तपासणी बदलून पाहता येते. प्रामाणिकपणा कुठे परवडतो ते कळते. नवा नियम शेतकऱ्याच्या पोत्यावर आजमावण्याआधी असा तपासा, ही आमची मागणी आहे.