नेत्रमण्यातील जाळे

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. नेत्रचिकित्सेत त्यांना विलक्षण गोडी होती. रुग्णाच्या डोळ्याचे चित्र काढून त्याची अवस्था नोंदविण्याची शिस्त त्यांच्या पदरच्या वैद्यांनी पाळली. चित्रात दिसतो तो मण्याचा गढूळपणा. मोतीबिंदूची चर्चा आजही बहुधा तेवढ्यापुरतीच होते; मणी ताठर किती झाला, हा प्रश्न मागे पडतो, आणि ही मोठीच उणीव होय.

नेत्रमणी लांबट, तंतुरूप पेशींचा बनलेला असतो. परिपक्व होताना या पेशी आपले केंद्रकही टाकून देतात. मागे राहतात ती मुख्यत्वे क्रिस्टॅलिन नावाची प्रथिने, आणि त्यांच्या जोडीला प्रथिनतंतूंचे जाळे. प्राणिपेशींतील ॲक्टिनचा तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा, तर 'मध्यम तंतू' सुमारे १० नॅनोमीटरचा असतो. ॲक्टिनचे जाळे कडक खरे, पण फार ताणले की तुटते. मध्यम तंतूंची रीत निराळी. शिंकाळ्यात मडके ठेवताच त्याचे ढिले दोर सरळ होऊन ताठ होतात. तसेच हे जाळे थोड्या ओढीला सहज नमते, आणि ओढ वाढली की न तुटता अधिकाधिक ताठर होत जाते. १९९१ साली प्रयोगशाळेत व्हिमेंटिन नावाच्या मध्यम तंतूंवर हे मोजून दाखविण्यात आले.

फिलेन्सिन व फॅकिनिन ही दोन प्रथिने मिळून केवळ नेत्रमण्यात आढळणारे मणिमय तंतू घडवितात. फॅकिनिन नसलेल्या उंदरांचा मणी आरंभी स्वच्छच असतो, परंतु तो नेहमीपेक्षा मऊ भरतो व पुढे हळूहळू स्वच्छता गमावतो. भारतातील एका कुटुंबात कोवळ्या वयात होणाऱ्या मोतीबिंदूचे मूळ फिलेन्सिनच्या दोषात असल्याचे २००७ साली आढळले. एवढा पुरावा हाती असता जाळ्याचे बल हा गौण विषय मानणे योग्य नव्हे. मणी ताठरल्यानेच तर चाळिशी लागते! त्या ताठरपणात क्रिस्टॅलिनचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण जाळ्याचा वाटा वेगळा मोजल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

शस्त्रवैद्य मोतीबिंदूच्या गाभ्याची कठीणता बहुधा त्याच्या रंगावरून ताडतात. अनुभवी डोळ्याला ते साधते. शास्त्राला मात्र आकडा हवा. रुग्णाच्या कागदावर गढूळपणाच्या नोंदीशेजारी ताठरपणाचाही रकाना असावा, एवढीच ही मागणी आहे.