मेलबर्नची लाथ नशिबाची नव्हती

महिलांच्या एमएमएविषयी, म्हणजे मिश्र युद्धकलेविषयी, परवा एका जाणकारांनी निकालच देऊन टाकला. म्हणे, ठोसे-लाथांवर लढणारी मुलगी पकडीच्या खेळाडूपुढे टिकूच शकत नाही. बायकांच्या ठोशात जोर तो किती असणार? एकदा पट लागला की कुस्ती संपली. आणि मेलबर्नला हॉली होमने राँडा राउझीला पाडलं ते निव्वळ नशीब, एक लाथ लागून गेली इतकंच. तेव्हा बॉक्सिंग करणाऱ्या आपल्या मुलींनी ग्लोव्ह्ज खुंटीला टांगावेत आणि मुकाट्याने कुस्तीच्या मॅटवर यावं. या शेवटच्या सल्ल्याने मला लिहायला बसवलं, कारण हे ऐकून एखादी मुलगी खरंच ग्लोव्ह्ज टांगेल.

आधी नशिबाचं बघू. 15 नोव्हेंबर 2015 रोजी राउझी पिंजऱ्यात उतरली तेव्हा ती बारा लढतींत अपराजित होती. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने ज्युडोचं कांस्यपदक मिळवलं होतं. कॅट झिंगानोला तिने 14 सेकंदांत आर्मबार लावून, म्हणजे कोपर उलटं ताणून, संपवलं होतं. तिचा डाव सगळ्यांना पाठ होता: सरळ चालून जायचं, प्रतिस्पर्धी मागे सरत जाळीला टेकली की मान किंवा हात कब्जात घ्यायचा, कमरेवरून फेकायचं आणि पडता पडता कोपर पकडायचं. पण हा डाव चालायला समोरचीला सरळ रेषेत मागे जावं लागतं, आणि होम सरळ मागे गेलीच नाही. ती डावखुऱ्या पवित्र्याने उभी होती. राउझी चालून आली की डाव्या हाताचा सरळ ठोसा तोंडावर, आणि लगेच कडेला वळून मोकळं व्हायचं. राउझीला वळून पुन्हा अंतर कापावं लागे, आणि पुन्हा तोच ठोसा. प्रत्येक झेपेची किंमत ती चेहऱ्यावर मोजत होती. एकदा पकड बसली, हातही अडकू लागला. पण होम घाबरली नाही, हात सोडवून उठली. जवळ आलेल्या राउझीला तिने कोपराचा तडाखाही दिला. पाच मिनिटांची पहिली फेरी संपली तेव्हा राउझी दमलेली होती आणि तिचं तोंड रक्ताने माखलं होतं.

लाथ आली त्यानंतर, दुसऱ्या फेरीच्या 59व्या सेकंदाला. राउझीचा ठोसा हुकला, तोल गेला, ती सावरून उठत होती, आणि होमचा डावा पाय तिच्या मानेवर बसला. जी बाजू सहा मिनिटं ठोसे मारत होती त्याच बाजूने लाथ आली. सहा मिनिटांच्या कामाचं फळ शेवटच्या क्षणी दिसलं, म्हणून ते नशीब ठरत नाही. होमने बॉक्सिंगच्या व्यावसायिक रिंगणात 33 लढती जिंकल्या होत्या, किकबॉक्सिंग त्याच्याही आधीपासूनचं. जाणकारांनी बहुधा लाथेचीच चित्रफीत पाहिली असावी. पूर्ण लढत बघा, मग बोला.

असे ठाम निकाल देण्याची ही सवय जुनी आहे. मॅट आली तेव्हा माती सुटली की कुस्ती मेली, असं सांगणारेही याच ठामपणे सांगत होते. 1993ला डेन्व्हरच्या स्पर्धेत एका सडपातळ ब्राझिलियनाने जुजुत्सूच्या बळावर समोर आलेल्या सगळ्यांना हरवलं, त्याचा दाखलाही अजून दिला जातो. त्या दिवशी एक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता! जमिनीवरच्या पकडी काय असतात, हे समोरच्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. त्या लढतींवरून आजच्या मुलींचं भवितव्य ठरवायचं?

बायकांच्या ठोशात जोर नसतो म्हणणाऱ्यांनी 30 डिसेंबर 2016ची लढत पाहावी: अमांडा नुनिसने याच राउझीला ठोशांनीच 48 सेकंदांत संपवलं.

पट लागला की संपलं, हेही खोटं. 14 मार्च 2015ला डॅलसमध्ये विजेती कार्ला एस्पार्झा, मूळची पैलवान, पटामागून पट टाकत होती आणि पोलंडची योआना येंजेचिक ते जवळपास सगळे परतवत होती. दुसऱ्या फेरीत एस्पार्झा ठोशांखाली संपली.

होमला मीशा टेटने मार्च 2016मध्ये गळा आवळून हरवलं, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. टेटने दुसऱ्या फेरीत एकदा पाठ पकडली होती, आणि पाचव्या फेरीत पुन्हा पकडून डाव तडीस नेला. ठोसेबाजाला चूक महाग पडते ती अशी. पण त्यासाठी टेटला पाचवी फेरी गाठावी लागली.

मग ठोसेबाज मुलीने करायचं काय? अंतर राखायचं, सरळ मागे हटायचं नाही. कमरेला हात लागायच्या आत मनगटं आणि कोपरं अडवायची. आणि पडलीच तर पडून राहायचं नाही, उठायचं कसं ते रोज घोटायचं. कुस्ती शिकायचीच, पण आपले ठोसे टिकवण्यासाठी. डिसेंबर 2021मध्ये सिंगापूरला थायलंडच्या स्टँप फेअरटेक्सने, म्हणजे ठोसे-लाथांच्या मुए थाईतल्या खेळाडूने, हरियाणाच्या रितू फोगाटला दुसऱ्या फेरीत आर्मबार लावून हरवलं. फोगाट घराण्याची पैलवान पकडीतच हरली. स्टँपने त्यासाठी मुए थाई सोडली नव्हती.

आपल्याकडे कोल्हापूर-पुण्याकडच्या तालमींत आता मुली कुस्ती करतात, आणि बॉक्सिंगच्याही मुली आहेत. त्यांना एका मॅटवर आणा. पैलवान मुलीने पट काढायचा, बॉक्सर मुलीने तो सोडवून उठायचं आणि उठता उठता जॅब मारायचा. वस्तादांनी मध्ये उभं राहून दोघींच्याही चुका सांगायच्या.