घंटा एक, उत्तरपत्रिका ज्याची त्याची

मंडळी, या वयात जावा कशाला, असं घरचे विचारतात. पण यातला एक प्रश्न मला अगदी शाळेतला वाटतो.

‘स्प्रिंग’मध्ये लागणारी वस्तू आपण घडवत नाही, कंटेनर ती हातात आणून देतो. मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखाने या पद्धतीला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केलं. आता एकच वस्तू सगळ्यांनी वापरायची, की ज्याची त्याला वेगळी? हाच स्कोप.

काही सांगितलं नाही तर स्प्रिंग ‘सिंगलटन’ देतं. शाळेची घंटा एक, तशी अख्ख्या कंटेनरमध्ये वस्तू एक. माझ्या मते हेच योग्य. अट इतकीच, की तिच्यावर कुणाचं नाव लिहायचं नाही. तिच्या फील्डमध्ये वापरणाऱ्याची माहिती ठेवली आणि दोघे एकदम आले, तर एकाचे गुण दुसऱ्याला दिसू शकतात. एकट्याने तपासताना हे कळतही नाही.

एका विनंतीपुरतं ते ‘रिक्वेस्ट’मध्ये, ती उत्तरपत्रिका. ती सिंगलटनला द्यायची तर मध्ये प्रॉक्सी लागतो. ‘सेशन’ म्हणजे दप्तर. त्यात लॉगिनची ओळख ठेवावी, सगळी पुस्तकं कोंबू नयेत. ओझं सर्व्हरच वाहतो. ‘प्रोटोटाइप’ मागाल तेव्हा नवा, पण सिंगलटनला तो एकदाच मिळतो, आणि त्याची शेवटची आवराआवर कंटेनर करत नाही.

असो. वेगाचा हिशोब नंतर करावा. आधी विचारावं, ही माहिती कुणाची आणि ती कधी पुसायची? फळा पुसून वर्गाबाहेर पडणाऱ्या मास्तरांना हे पटावं!