घर खेळाडूंचे, जमीन कंपनीची!

संगणकावरचा खेळ वर्ष-दोन वर्षांत जुना होतो आणि त्याची जागा नवा खेळ घेतो, असा या व्यवसायाचा रिवाज आहे. ‘नेव्हरविंटर नाइट्स’ या भूमिकाप्रधान खेळाने तो मोडीत काढला. कॅनडातील बायोवेअर कंपनीने जून २००२ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ आजही ऑनलाइन खेळला जातो. त्याचे श्रेय कंपनीइतकेच स्वतःचे नकाशे आणि त्रिमितीय मॉडेल तयार करून त्यात घालणाऱ्या हौशी खेळाडूंना द्यावे लागेल. मात्र, अशा निर्मितीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत खेळाडूंच्या विरोधात झुकू लागले आहे.

दहा मीटरचे चौकोन

बायोवेअरने खेळासोबत ‘अरोरा’ नावाचा साधनसंचही ग्राहकांच्या हाती दिला. गाव, जंगल, तळघर यांचे दहा मीटर लांबी-रुंदीचे तयार चौकोन त्यात असतात. फरशा बसवाव्यात तसे ते जुळवत गेले की नकाशा तयार होतो. एका प्रदेशात असे जास्तीत जास्त ३२ गुणिले ३२ चौकोन बसतात. पात्रांची वागणूक आणि सापळे यांसाठी ‘सी’च्या वळणाची छोटी संगणकीय भाषा आहे.

तयार चौकोन अपुरे वाटू लागले, तेव्हा खेळाडू स्वतःची मॉडेल बनवू लागले. हे काम अधिक कष्टाचे. राक्षस असो वा राजवाडा, त्याचा सांगाडा घडवायचा, त्यावर रंग-पोताचे चित्र चढवायचे, हालचाली बसवायच्या आणि खेळाला समजेल अशा स्वरूपात फाइल काढायची. अशा फाइलींच्या गठ्ठ्याला ‘हॅकपॅक’ म्हणतात. एखाद्या सर्व्हरवर खेळायचे, तर तेथे वापरलेला गठ्ठा प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर असावाच लागतो. या अडचणीतूनच अनेकांची मॉडेल एकत्र करणारा ‘कम्युनिटी एक्स्पान्शन पॅक’ साकारला आणि वर्षानुवर्षे अखंड चालणाऱ्या जगांना सामायिक पाया मिळाला.

या व्यवस्थेची कसोटी २०१२ च्या अखेरीस लागली. सर्व्हरची यादी दाखवणारी ‘गेमस्पाय’ची सेवा या खेळासाठी बंद झाली. तरीही ही जगे बुडाली नाहीत, कारण सर्व्हर कंपनीच्या दारात नव्हे, तर खेळाडूंच्या ताब्यातील संगणकांवर होते. थेट पत्ता टाकून त्यांवर जाता येत होते. २०१८ मध्ये बीमडॉग कंपनीने खेळाची सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा जुन्या नकाशांचा मोठा वारसा तिला आयताच मिळाला.

‘डोटा’चा धडा

ब्लिझार्डच्या ‘वॉरक्राफ्ट ३’चा इतिहास वेगळा आहे. तोही २००२ चाच आणि नकाशे बनवण्याचे साधन त्यातही होते. त्यातून खेळाडूंनी २००३ पासून ‘डोटा’ हा नकाशा घडवला. एकाकडून दुसऱ्याकडे जात तो इतका लोकप्रिय झाला, की वाल्व्ह कंपनीने २००९ मध्ये त्याच्या तत्कालीन रचनाकारालाच नोकरीत घेतले. ‘डोटा’ या नावावरून दोन्ही कंपन्यांत वाद झाला. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्याच वर्षी वाल्व्हचा ‘डोटा २’ बाजारात आला. मूळ कल्पना ज्या खेळाच्या अंगणात वाढली, त्या ब्लिझार्डच्या हातून नाव निसटले.

जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३ : रिफोर्ज्ड’सोबत आलेल्या अटींचा रोख या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो. खेळाडूंनी बनवलेले सर्व खेळ ही केवळ ब्लिझार्डची मालमत्ता राहील आणि कायदा परवानगी देईल तेथवर निर्मात्याने आपले नैतिक हक्कही सोडावेत, असे त्यांत म्हटले आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. खेळाचे इंजिन, पात्रे आणि मूळ चित्रे त्यांची असतात. त्यांच्याशिवाय नकाशा चालत नाही. परंतु आधार देणे वेगळे आणि निर्मात्याचे नावही पुसण्याची मुभा मागणे वेगळे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ हा फरक जाणते. कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही आपण कर्ते असल्याचे सांगण्याचा लेखकाचा हक्क हे कलम कायम ठेवते.

करारपत्र न वाचता ‘मान्य’ची कळ दाबण्याची सवय या क्षेत्रात सर्वत्र आहे. काही महिने खपून नकाशा रचणाऱ्याला ती परवडणारी नाही. मॉडेलच्या मूळ फाइली स्वतःजवळ ठेवणे, सहनिर्मात्यांची नावे नोंदवणे आणि सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे ते आधी पाहणे, एवढी दक्षता तरी त्याच्या हातात आहे. कंपन्यांनीही ‘नेव्हरविंटर नाइट्स’चा अनुभव विसरू नये. खेळाला वीस वर्षांहून अधिक आयुष्य मिळाले, ते किल्ल्या खेळाडूंच्या हाती दिल्यामुळेच.