मराठीची जमा कोणत्या खात्यात?

आपल्या समाजात आता असे घर विरळाच की ज्यातील कोणी ना कोणी अमेरिकेत नाही. तिकडची ख्यालीखुशाली सांगताना आजी-आजोबा हल्ली कौतुकाने म्हणतात, "नातवाने यंदा तीन एपी घेतले आहेत." हे एपी म्हणजे नेमके काय, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. समाजाच्या पत्रकात या विषयाला अग्रलेखाची जागा का द्यावी, असेही कोणी विचारील. कारण पुढे येईलच.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही ना-नफा संस्था १९५५ पासून ही योजना चालवते. हायस्कूलच्या विद्यार्थ्याने शाळेतच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. पुष्कळ शासकीय विद्यापीठे ३ मिळाले तरी त्या विषयाची क्रेडिटे देतात. नामवंत खासगी विद्यापीठे बहुधा ४ किंवा ५ मागतात. डार्टमथने तर २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना अशी क्रेडिटे देणेच बंद केले. म्हणून नातलगांनी आधी विद्यापीठाचा नियम पाहावा, मग फी भरावी.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आमच्यासारख्याला यातला हिशेब चटकन कळतो. तिकडे पदवीसाठी साधारण १२० क्रेडिटे लागतात, म्हणजे वर्षाला ३०. परीक्षेची फी विषयामागे शंभर डॉलरच्या आसपास. तोच विषय विद्यापीठात घ्यायचा झाला तर कित्येक पट खर्च येतो. पाच-सहा विषय पदरात पडले तर एखादे सत्र वाचते, कधी वर्षही वाचते. क्रेडिट म्हणजे अखेर जमा. ज्या ज्ञानाची जमा होते त्यासाठी मुले वेळ काढतात, आणि ज्याची होत नाही ते 'वेळ मिळाला तर बघू' या खात्यात जाते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एपीच्या भाषाविषयांत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, चिनी, जपानी आणि इटालियन आहेत. भारतीय भाषा एकही नाही. यातील इटालियनची कथा आपल्यासारख्यांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. इटालियनची पहिली एपी परीक्षा २००६ मध्ये झाली. विद्यार्थी कमी आणि खर्च जास्त, हे कारण सांगून कॉलेज बोर्डाने २००९ च्या परीक्षेनंतर ती बंद केली. तेव्हा इटालियन वंशाच्या अमेरिकन लोकांनी केवळ निषेधाचे ठराव केले नाहीत. त्यांच्या संस्थांनी निधी उभा केला, इटलीच्या सरकारलाही त्यात सहभागी करून घेतले, आणि २०१२ मध्ये परीक्षा पुन्हा सुरू झाली. ही मंडळी काही काल-परवा तिकडे गेलेली नव्हेत. कित्येकांचे पणजोबा बोटीने आलेले, घरातली बोली इंग्रजी झालेली. तरीही आपली भाषा शाळेच्या हिशेबवहीत राहावी यासाठी त्यांनी खिशात हात घातला.

अमेरिकेतील मराठी माणसेही स्वस्थ बसलेली नाहीत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने तिकडे मराठी शाळा चालतात. एपी नसली तरी 'सील ऑफ बायलिटरसी' हा द्विभाषा-प्रावीण्याचा शिक्का आहे. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून तो सुरू केला आणि पुढे तो जवळजवळ सर्व राज्यांत पोहोचला. त्यासाठी चालणाऱ्या चाचण्यांमध्ये मराठीची चाचणीही उपलब्ध आहे. मिनेसोटासारख्या राज्यात या शिक्क्याच्या आधारे शासकीय महाविद्यालयांत क्रेडिटे मिळण्याची तरतूद आहे. तिकडच्या नातलगांना हे अवश्य कळवा.

आणि आपल्याकडे? शाळेत शिकलेल्या विषयामुळे पदवीचा काळ कमी व्हावा, अशी सोय आपल्याकडे रूढ नाही. परंतु क्रेडिटची भाषा इकडेही आली आहे. २०२१ मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शालेय शिक्षणही हिशेबात धरले. वर्षाचे अध्ययन १२०० तासांचे आणि त्याची ४० क्रेडिटे, असे त्याचे सूत्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी आराखड्यात भारतीय भाषा व इंग्रजी यांच्यासाठी मिळून किमान ८ क्रेडिटे राखून ठेवलेली आहेत. ती भारतीय भाषा मराठी का असू नये? सीबीएसईच्या भाषाविषयांत मराठी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. पेढे वाटून झाले, सत्कारही झाले. पण वडोदऱ्यात, इंदुरात, ग्वाल्हेरात किती मुलांच्या गुणपत्रिकेवर मराठी हा विषय दिसतो?

शाळा-महाविद्यालयांकडे विचारणा केली की एक ठरलेले उत्तर मिळते : विद्यार्थी नाहीत, म्हणून शिक्षक नाही. पालक म्हणतात : शिक्षक नाही, म्हणून विद्यार्थी नाहीत. या फेऱ्यातून बाहेर पडायचे तर कोणीतरी आधी नावांची यादी घेऊन दारात उभे राहिले पाहिजे. राज्यघटनेच्या २९ व ३० या कलमांनी भाषिक अल्पसंख्याकांना हक्क दिले आहेत, हे खरे. पण ज्या खात्यावर व्यवहारच होत नाही ते खाते निष्क्रिय ठरते, हे बँकेत रोज पाहतो. हक्कांचेही तसेच आहे.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आठवी ते बारावीतील आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील आपल्या मुलामुलींची गल्लीवार यादी येत्या दोन महिन्यांत करावी. दुसरी, प्रवेश सुरू होण्याआधी शिष्टमंडळाने ही यादी घेऊन मुख्याध्यापकांना व प्राचार्यांना भेटावे आणि मराठीचा पर्याय लेखी मागावा. तिसरी, शिक्षकाच्या मानधनाचा प्रश्न आला तर उत्सवाच्या वर्गणीतील काही वाटा त्यासाठी बाजूला काढावा. मांडवाची एक कमान कमी झाली तर गणराय रागावणार नाहीत.

निवडणुकीच्या वेळी सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या दारी येतात आणि दोन वाक्ये मराठीत बोलून जातात. या वेळी त्यांच्या हाती हारतुऱ्यांऐवजी ही यादी द्यावी. मतांचा हिशेब त्यांना चांगला कळतो. मराठी शिकू इच्छिणाऱ्या मुलांचा आकडाही त्यांना कळेल. तो आकडा तयार करणे मात्र आपल्याच हाती आहे.