मिटवून घे, मिटवून टाका

मराठी घेऊन बी.ए. केलं, तेव्हा संयुक्त क्रियापदं नुसती पाठ केली होती. त्यांचा अर्थ कळला तो आमच्या गावच्या महिला समुपदेशन केंद्रात दर गुरुवारी बसायला लागल्यावर.

'मिटवणे' तसं गुणी क्रियापद. भांडण मिटवावं, जुनं देणं मिटवावं. (मिटतात मात्र डोळे आणि ओठसुद्धा!)

परवा एक सून आली, ओठ फुटलेला. आई तिच्या कानाशी लागून म्हणत होती, "मिटवून घे गं बाई." सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, मिटवून टाका एकदाचं." मामा ऐटीत म्हणाले, "मागच्या खेपेला मीच मिटवून दिलं होतं." क्रियापद एकच. पण 'दिलं' म्हणणाऱ्याला मान मिळतो, 'टाका' म्हणणाऱ्यांची कटकट जाते आणि 'घे' कुणाला? तर मार खाल्ला तिलाच. नवऱ्याला 'तू मिटवून घे' असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तो बाहेर मोबाइल बघत बसला होता.

तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? बऱ्याच वेळाने म्हणाली, "मिटलं की सगळे चहा पितात. तो मीच ठेवते."

2007 साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा मीही उत्साहाने बैठकांना जायची. बांधाचं भांडण गावातच मिटलं तर कोर्टाचे हेलपाटे वाचतात, चांगलंच आहे. पण बांधावर दोघं बरोबरीने उभे असतात. स्वयंपाकघरात तसं नसतं. हे कळायला मला वेळ लागला. सुरुवातीला मीही एकदोघींना 'घे मिटवून' म्हटलंय, आणि पुढे त्यांचं काय झालं ते विचारायला गेले नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा. कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं, तर त्याच्या नियमांप्रमाणे पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची असते. 'तिनेच उलट उत्तर दिलं' असलं समर्थन तिथे चालत नाही, हेही त्याला आधीच सांगायचं असतं. मग आमच्यासारख्या केंद्रात तरी ते का चालावं?

आमच्या रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात 'मिटले' असं लिहायची पद्धत आहे. त्या दिवशी तो रकाना मी कोरा ठेवला, मामांना बाहेर बसवलं आणि नवऱ्याला आत बोलावलं.