नुसती कळकळ पुरेशी नाही

समाजकार्य म्हटले की आपल्याकडे त्याग, तळमळ, निःस्वार्थ वृत्ती हेच शब्द निघतात. डॉक्टरला शिकावे लागते, वकिलाला सनद लागते. समाजकार्यकर्त्याचे मात्र मन मोठे असले की झाले! राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घमेली उचलताना मीही असेच मानीत होतो. पुढे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेलो आणि ही समजूत गळून पडली.

क्षेत्रकार्यासाठी मला एका रुग्णालयात पाठविले होते. क्षयाचे औषध मध्येच सोडलेल्या एका बाईंना भेटायचे होते. उपचार किमान सहा महिन्यांचा; अर्धवट सोडला तर रोग उलटतो आणि नेहमीची औषधे त्याला पुरी पडेनाशी होतात. हे मी त्यांना अर्धा तास पोटतिडकीने सांगितले. त्या ‘होय दादा’ म्हणत राहिल्या. मोठ्या समाधानाने मी भेटीची नोंद लिहिली. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ती वाचून एवढेच विचारले, “यात तुझी वाक्ये किती आणि त्यांची किती?” मी मोजली. माझी सव्वीस, त्यांची तीन.

पुढच्या भेटीत मी गप्प बसलो. तेव्हा कळले, की औषध मिळण्याची वेळ आणि कामावरच्या हजेरीची वेळ एकच होती. उशीर झाला की मुकादम खाडा मांडी आणि रोज बुडे. रोगाचे गांभीर्य त्या जाणून होत्या. मी मात्र त्यांना अडाणी समजून व्याख्यान दिले होते. रुग्णालयात बोलून वेळ बदलून घेतली आणि औषध पुन्हा सुरू झाले.

ऐकणे, दोष न देता विचारणे, गुप्तता पाळणे, निर्णय त्या माणसालाच घेऊ देणे ही कौशल्ये आहेत. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात ही तत्त्वे मांडली. मुंबईत तर १९३६ सालीच सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्य शिक्षणसंस्था निघाली. पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था. शिक्षणाची सोय आपल्याकडे आहे. उणीव आहे ती पदवीनंतर.

नोकरी लागली की आपली नोंद वाचणारे कोणी उरत नाही. अहवालात लाभार्थींचे आकडे मागतात. भेट कशी झाली हे कोणी विचारीत नाही. मग दहा वर्षांचा अनुभव म्हणजे पुष्कळदा एकाच वर्षाची दहा वेळा उजळणी ठरते आणि चुकीची किंमत समोरचा माणूस मोजतो. माझ्या मते प्रत्येक संस्थेने आठवड्यातला एक तास परस्परांच्या नोंदी वाचण्यासाठी राखून ठेवावा. त्याला पैसा लागत नाही. आपली चूक दुसऱ्याला दाखविण्याची तयारी तेवढी लागते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी कळकळ जरूर आणावी. पण सोबत एक वहीही आणावी, आणि ती वाचून दाखवावी असे एक माणूस शोधून ठेवावे.